मातीखालचं जुनं गोवं

जुन्या गोव्याच्या नशिबी ओसाडपण आलं. 1510 मध्ये अल्बुकर्कने जिंकलेली ही पोर्तुगीज राजधानी रोगराईने ओस पडली आणि 1843 मध्ये राजधानीचा मान पणजीकडे गेला.

तिथल्या होली हिलवर जांभ्या दगडाचा एक मनोरा अर्धवट उभा आहे. तो सेंट ऑगस्टिन चर्चचा. 1835 मध्ये धर्मगुरूंना मठ सोडावा लागला, 1842 मध्ये छत कोसळलं. पुढे घंटा पणजीच्या चर्चमध्ये गेली.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारे उपसले, तेव्हा थडगी आणि रंगीत फरशा उजेडात आल्या. हाडंही सापडली. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 मध्ये शिराजला छळ सोसून मेली. तिचे अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी गोव्यात आणले होते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील डीएनए तपासणीने सापडलेलं एक हाड तिचंच असल्याला बळ दिलं. एवढ्या चिकाटीचं हे काम खरोखर अभिमानाचं! 2021 मध्ये भारताने अवशेषाचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला.