वेस्टर्न चित्रपट आणि वाफेचे ऐतिहासिक लोहमार्ग : एक विवेचन

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिम भागातील जीवनावर आधारलेल्या चित्रपटांना 'वेस्टर्न' असे संबोधले जाते. या चित्रपटांत रेल्वेगाडी हे केवळ वाहतुकीचे साधन नसते. कायदा, भांडवल आणि बाहेरचे जग तिच्यासोबत गावात प्रवेश करते. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मुख्य लोहमार्गांवरून वाफेची इंजिने हद्दपार होत होती आणि त्याच काळात वेस्टर्न चित्रपट विपुल संख्येने निघत होते. त्यांची गरज आडबाजूच्या लहान लोहमार्गांनी भागविली. या संबंधातून वारशाचे जतन कसे झाले आणि इतिहासाकडे पाहण्याच्या दृष्टीवर त्याचा कोणता परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सिएरा रेल्वे :
कॅलिफोर्नियातील सिएरा रेल्वेची स्थापना १८९७ मध्ये झाली. सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पायथ्याकडील लाकूड व खनिजे यांची वाहतूक हा तिचा मुख्य व्यवसाय होता. तिचे क्रमांक ३ चे इंजिन १८९१ मध्ये न्यू जर्सी राज्यातील रॉजर्स कारखान्यात तयार झाले. 'द व्हर्जिनियन' (१९२९) या चित्रपटात झळकलेले हे इंजिन १९३२ मध्ये सेवेतून बाजूला काढण्यात आले. पुढे १९४८ मध्ये ते पुन्हा चालते झाले, ते मुख्यतः चित्रीकरणासाठी. 'हाय नून' (१९५२), 'बॅक टू द फ्यूचर भाग ३' (१९९०) आणि 'अनफरगिव्हन' (१९९२) यांतही ते दिसते.

अशा मार्गांवर वाहतूक विरळ असल्यामुळे गाडी हवी तेथे थांबविता येई आणि तोच प्रसंग पुन्हा चित्रित करता येई. जेम्सटाऊन येथे इंजिनशेड आणि इंजिन फिरविण्याचा चबुतरा शाबूत असल्याने जुनी इंजिने चालती ठेवणे शक्य झाले.

ड्युरँगो-सिल्व्हर्टन मार्ग :
कोलोरॅडोतील सुमारे ४५ मैलांचा हा ३ फूट रुंदीचा मार्ग १८८२ मध्ये चांदीच्या खाणींसाठी पूर्ण झाला. 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड' (१९६९) मधील रेल्वेलुटीचे चित्रीकरण येथेच झाले. मात्र चित्रपटसृष्टी सदैव रक्षकच ठरली असे नाही. 'डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे' (१९५२) या चित्रपटासाठी याच परिसरात दोन जुनी खरी इंजिने समोरासमोर धडकविण्यात आली. एरवीही ती भंगारातच निघाली असती, हे त्या काळाचे व्यावहारिक गणित होते.

प्रतिमा आणि इतिहास :
'हाय नून'ची कथा न्यू मेक्सिको प्रदेशात घडते. पडद्यावर क्षितिजापर्यंत जाणारे रूळ मात्र कॅलिफोर्नियातील आहेत. एकच इंजिन अनेक गावांची, अनेक कंपन्यांची रूपे घेते. परिणामी लाकूडतोडे, खाणकामगार आणि रेल्वे कर्मचारी यांचा या मार्गांशी जोडलेला खरा इतिहास मागे पडतो आणि दरोडेखोर व शेरीफ यांची प्रतिमा ठळक होते.

निष्कर्ष :
कॅलिफोर्निया राज्याने १९८२ मध्ये जेम्सटाऊनचा रेल्वे परिसर ताब्यात घेतला, तर क्रमांक ३ चे इंजिन २०१० मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा धावू लागले. या जतनामागे पडद्यावरील कीर्तीचा मोठा वाटा आहे. वेस्टर्नचा प्रभाव असलेल्या 'शोले' (१९७५) मधील रेल्वेवरील हल्ल्याचे चित्रीकरण पनवेल परिसरात झाले होते, हे मराठी अभ्यासकास परिचित आहे. चित्रपट इतिहासाचे साधन म्हणून वापरताना पडद्यावरील स्थळ आणि चित्रीकरणाचे स्थळ यांतील भेद तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते. चित्रपटाने इंजिन वाचविले. त्या इंजिनाचा खरा इतिहास सांगण्याची जबाबदारी अभ्यासकांची आहे.