मनीची खाज

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमची मनी मात्र दोन्हीकडे जेवते. वांद्र्यास चिंबईच्या कोळीवाड्यालगत आमचें बिऱ्हाड. घरीं सासूबाईंच्या हातचा दूधभात, आणि पलीकडे कोळीणमावशींच्या ओट्यावर मासळी. गेल्या पावसाळ्यांत तिनें मान व कान ओरबाडून रक्त काढलें, तेव्हां घरांत एकमतानें निकाल लागला, मासळी बाधली! सासूबाईंनीं मावशींना दोन शब्द सुनावलेही.

संशय अगदींच पोकळ नव्हता. ॲलर्जी म्हणजे निरुपद्रवी अन्नास शरीरानें शत्रू मानणें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संकलनांत अशी अन्नाची ॲलर्जी असलेल्या ७८ मांजरांपैकीं सुमारें १७ टक्क्यांना मासळी बाधत होती. २९७ कुत्र्यांत मात्र तें प्रमाण अवघें २ टक्के, आणि दुधाचें १७! मासा शिजवून दिल्यानें बाधा टळते असेंही नाहीं. बाधणारीं कांहीं प्रथिनें उकळूनही टिकतात.

पशुवैद्यांनीं प्रथम मनीच्या अंगावरील पिसवा शोधल्या, कारण त्यांच्या चाव्यानेंही अशीच खाज सुटते. पिसवांचें औषध झालें, खाज राहिलीच. जून-जुलैंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तरी मनी खाजवीत होती, सबब मासळी निर्दोष, असें आमच्या घरच्यांचें अनुमान. पण सुके बोंबील कोठें बंद असतात? रक्ताच्या तपासणीवरही या बाबतींत भरंवसा ठेवतां येत नाहीं. खरी परीक्षा एकच : ८ आठवडे नेमून दिलेलें एकच अन्न, आणि खाज थांबल्यावर जुने पदार्थ एकेक करून पुन्हां देऊन पाहणें. वरणभातावर ठेवण्याची सूचना सासूबाईंनीं केली. पण टॉरीन नांवाचें द्रव्य मांजरास अन्नांतून मिळालें नाहीं तर डोळे व हृदय बिघडतें, आणि वरणभातांत तें नसतें. तेव्हां प्रथिनांचे सूक्ष्म तुकडे करून बनविलेलें खाद्य पशुवैद्यांकडून आणलें.

एकत्र कुटुंबांत पथ्य पाळणें म्हणजे काय, हें तेव्हां कळलें. धाकट्याचें बिस्कीट, भावजींच्या बोटावरची साय! पहिले तीन आठवडे फुकट गेले. शेवटीं मनीला घरांत कोंडलें, दुधाची वाटी फळीवर चढली, आणि नव्यानें मोजलेल्या सातव्या आठवड्यांत मान भरून आली. मग बोंबील दिला. दोन आठवडे कांहींच नाहीं. नंतर दूध दिलें, आणि चौथ्या दिवशीं मान पुन्हां लाल.

त्या संध्याकाळीं सासूबाई एकट्याच चिंबईस जाऊन आल्या. परततांना मावशींनीं मनीसाठीं दिलेली मांदेलीची पुडी त्यांनीं पदराआड धरली होती.