ट्रक थांबतो तेथे दवाखाना

आपल्या भागातून दिवसरात्र ट्रक धावतात. वणी-चंद्रपूरचा कोळसा, सिमेंट, नागपुरी संत्री, कापसाच्या गाठी हा सारा माल ज्यांच्या भरवशावर हलतो, ते चालक दवाखान्यात मात्र क्वचितच दिसतात. आले तर बहुधा परवान्यासाठी लागणारा 'फॉर्म १-ए' घेऊन येतात. त्यात नजर, ऐकणे, हातापायांची हालचाल यांची विचारणा असते. रक्तातील साखरेचा रकाना नसतो. साहजिकच सही-शिक्का मिळाला की आपण ठणठणीत आहोत, असा समज होतो. तपासणीचा आग्रह धरला तर उत्तर ठरलेले असते : "डॉक्टरसाहेब, गाडी उभी राहिली की भाडं बुडतं."

हे उत्तर खोटे नाही. म्हणूनच मालवाहतूक करणाऱ्या कंपनीने स्वतः पुढाकार घेतल्याचे एक उदाहरण येथे मुद्दाम देत आहे.

ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही १९५८ साली कोलकात्यात सुरू झालेली कंपनी. बिल व मेलिंडा गेट्स फाउंडेशनने २००३ साली भारतात एचआयव्ही प्रतिबंधासाठी 'आवाहन' हा कार्यक्रम आखला. त्यातील महामार्गांवरील चालकांचे काम या कंपनीच्या टीसीआय फाउंडेशन या संस्थेने हाती घेतले व त्याला 'प्रोजेक्ट कवच' असे नाव दिले. ट्रक जेथे माल चढवण्या-उतरवण्यासाठी थांबतात, तेथेच 'खुशी क्लिनिक' उघडण्यात आली. पथनाट्ये झाली, आणि चालकांना समजावण्यासाठी त्यांच्यातलीच माणसे तयार करण्यात आली. एका टायर कंपनीनेही २००० साली दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात चालकांसाठी असाच दवाखाना सुरू केला होता.

त्या काळी एचआयव्ही म्हणजे मृत्यू, अशीच समजूत होती. १ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत एआरटी औषधे मोफत मिळू लागली, आणि पुढे ती सर्वत्र पोचली. आज रोज न चुकता गोळी घेणारा रुग्ण वर्षानुवर्षे कामधंदा करू शकतो. हा आजार आता मधुमेहासारखाच दीर्घकाळ सांभाळण्याचा झाला आहे. लाज बाजूला ठेवून वेळीच तपासणी करणे, एवढीच अट आहे.

जी पद्धत एचआयव्हीसाठी वापरली, तीच मधुमेह व रक्तदाबासाठी वापरता येते. तासन्तास बैठक, अवेळी जेवण, ढाब्यावरचे तेलकट पदार्थ, अपुरी झोप आणि तंबाखू ही या रोगांना आमंत्रणेच होत. मधुमेह जुना झाला की पायाची संवेदना कमी होते. पॅडलवर पाय किती दाबला गेला, हे नीट कळत नाही. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी गाडी हाकली तर साखर एकाएकी उतरून घाम, थरथर व भोवळ येते. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन साखर किंवा गूळ खावा आणि पूर्ण बरे वाटल्यावरच पुढे निघावे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास तपासणी पुन्हा करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता आपल्या विदर्भाच्या जिव्हाळ्याचा आजार : सिकलसेल. हा आनुवंशिक आहे. तो संसर्गाने होत नाही आणि कोणाच्या शापानेही होत नाही. पूर्व विदर्भ, नंदुरबार, पालघर या पट्ट्यात तो विशेष आढळतो. आई-वडिलांपैकी एकाकडूनच दोष आला तर ती व्यक्ती 'वाहक' होते. एसटीतला वाहक नव्हे! असा वाहक सहसा धडधाकट असतो, म्हणून त्याला स्वतःला पत्ताच नसतो. मात्र दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्या मुलाच्या वाट्याला हाडे-सांध्यांच्या असह्य कळा, रक्तक्षय, वारंवार जंतुसंसर्ग येतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट आहे. सरकारी आरोग्य केंद्रात याची चौकशी करावी.

ट्रान्सपोर्टच्या कचेरीत क्लीनर, हमाल, नवे चालक असे लग्नाच्या वयाचे कितीतरी तरुण असतात. पत्रिका पाहण्याआधी त्यांनी रक्त तपासावे. दोघेही वाहक निघाले तर लग्न करायचे की नाही, हा निर्णय त्यांचाच. गर्भारपणाच्या सुरुवातीला गर्भाची तपासणीही करता येते. पण हे आधी ठाऊक असलेले बरे.

आपल्या गावातील ट्रान्सपोर्ट व्यावसायिकांना माझी विनंती आहे. महिन्यातून एक दिवस ट्रक थांबतात तेथेच तपासणी ठेवा. साखर व रक्तदाब मोजायला चालकामागे दहा मिनिटे पुरतात. सिकलसेलसाठी आरोग्य केंद्राला पत्र द्या. अहवाल ज्याचा त्यालाच द्यावा, चारचौघांत वाचू नये. आणि साखर निघाली म्हणून कोणाला कामावरून कमी करू नये, नाहीतर पुढच्या महिन्यात तपासायला कोणीच येणार नाही. ट्रकच्या मागे इतके काही रंगवतो, तेथे 'लग्नाआधी सिकलसेल तपासा' ही एक ओळही रंगवावी. मागच्या गाडीतला माणूस ती वाचतोच.