पात्यांमधील भोवरे

पेल्यातील चहा ढवळून चमचा बाहेर काढला, की तळाशी राहिलेली चहाची पूड कडेला न जाता नेमकी मध्यभागी गोळा होते. वर्तुळाकार गतीमुळे जड कण बाहेर फेकले जावेत, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. घडते मात्र उलट. या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीचा उलगडा अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये केला आणि नद्यांच्या वळणांशी तिचा संबंध जोडून दाखविला. नदीच्या बाबतीत तोच विचार लॉर्ड केल्व्हिन यांचे बंधू जेम्स थॉमसन यांनी १८७६ मध्येच मांडला होता. वीजकेंद्रातील टर्बाइनमध्ये जी शक्ती वाया जाते, तिच्या बऱ्याच मोठ्या भागाचे मूळ या पेल्यातच सापडते.

पेल्यातील द्रव फिरत असता कडेला दाब अधिक व मध्याशी कमी असतो. दाबातील हा फरक द्रवाला आत ओढून वर्तुळात फिरत ठेवतो. तळालगतचा थर मात्र घर्षणाने मंदावलेला असतो. त्याची गती कमी. पण त्याला आत ढकलणारा दाब तेवढाच. साहजिकच तो मध्याकडे सरकतो आणि सरकताना पूड बरोबर घेऊन जातो. मुख्य प्रवाहाला असा आडवा जाणारा जो प्रवाह, त्याला दुय्यम प्रवाह म्हणतात. नाव दुय्यम असले, तरी त्याची करणी दुय्यम नव्हे.

चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ मध्ये व्यवहारात उतरविलेल्या टर्बाइनचे तत्त्व असे, की वाफेचा दाब एकदम न उतरविता पात्यांच्या एकामागून एक ओळींतून टप्प्याटप्प्याने उतरवावयाचा. शेजारच्या दोन पात्यांमध्ये एक वाकडी वाट तयार होते. तिच्या एका बाजूस एका पात्याचा अंतर्गोल पृष्ठभाग, दुसऱ्या बाजूस पुढच्या पात्याची बहिर्गोल पाठ, आणि वरखाली दोन भिंती. वाफ या वाटेत वळते व वळताना पात्यांना रेटते. त्या रेट्यानेच चक्र फिरते. म्हणजे वळणे हेच येथील काम आहे, ते टाळता येत नाही. आणि जेथे वळण तेथे अंतर्गोल बाजूस दाब अधिक. भिंतीलगतची मंद वाफ, पेल्याच्या तळातील चहाप्रमाणेच, त्या बाजूकडून पलीकडच्या पाठीकडे आडवी घसरते. तेथे ती गुंडाळली जाऊन भोवरा बनतो. दोन भिंतींपाशी असे दोन भोवरे, एकमेकांच्या उलट फिरणारे.

त्यांना आणखी एक साथीदार मिळतो. पुलाच्या खांबापुढील वाळू पुराच्या पाण्याने खोल उकरली जाते. तेथे खांबावर आपटलेले पाणी तळाशी वळून खांबाला घोड्याच्या नालासारखा विळखा घालते. पात्याच्या कडेशीही तसाच नाल तयार होतो. त्याचा एक फाटा मुख्य भोवऱ्यात मिसळून त्याला पुष्ट करतो.

भोवऱ्यात गेलेली शक्ती तत्क्षणी नाहीशी होत नाही. पुढे वाफ ढवळली जाता जाता तिची उष्णता होते. शिवाय पुढच्या ओळीला वाफ योग्य कोनात मिळत नाही: भिंतीपाशी ती जास्त वळलेली, थोडी आत कमी वळलेली. केंब्रिजचे जॉन डेंटन यांनी १९९३ मध्ये दाखविले, की अनेक यंत्रांत तोट्याच्या तीन जवळजवळ सारख्या वाटण्या होतात: पात्यांच्या पृष्ठभागावरचा, टोकाच्या फटीतून होणाऱ्या गळतीचा आणि या भिंतींपाशी होणारा. उच्च दाबाच्या भागात पाती आखूड असतात. तेथे दोन भोवरे मिळून जवळजवळ सारी वाट व्यापतात. ५०० मेगावॅटचा कोळशावरील संच ताशी सुमारे ३०० टन कोळसा खातो. त्यात शेकडा एक वाचला, तरी ताशी तीन टन झाले! भारतातील बहुतांश वीज आजही कोळशापासूनच होते, हे ध्यानी घेतले म्हणजे हा हिशेब किरकोळ वाटत नाही.

विमानाच्या इंजिनात प्रश्न जिवावरचा होतो. तेथील वायू पात्याच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही तप्त असतो. पाते वाचते ते त्यावर पसरलेल्या थंड हवेच्या पातळ पांघरुणामुळे, आणि भोवरा नेमके तेच ओढून नेतो. यावर उपाय म्हणून पाती उंचीच्या दिशेने किंचित वाकविली जातात, भिंतींना सौम्य उंचसखलपणा दिला जातो. भोवरा यामुळे दुबळा होतो, मरत नाही.

संक्षोभाची, म्हणजे प्रवाहातील विस्कळित खळबळीची, गोष्ट निराळी. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडून, ती वेग वाढताच कशी विसकटते हे दाखविले. संक्षोभाने घर्षण वाढते, म्हणून तो शत्रूच मानला जाई. परंतु उंच आकाशात हवा विरळ असते; तेथे इंजिनाच्या शेवटच्या ओळींत पात्याच्या पाठीवरचा संथ थर पृष्ठभाग सोडून सुटू पाहतो, आणि तसा सुटला की तोटा एकदम वाढतो. पुढील ओळीच्या पात्यांमागून येणारे खळबळीचे पट्टे त्या थराला वारंवार ढवळून पृष्ठभागाशी धरून ठेवतात. या मदतीचा हिशेब आखणीतच धरून पात्यांची संख्या कमी करता आली आणि इंजिनाचे वजनही घटले. मात्र प्रत्येक पात्यावरचा भार त्यामुळे वाढतो, आणि भार वाढला की भिंतीपाशी भोवराही बळावतो.