पोलीस भरतीची धाव : घड्याळात इंटरव्हलचा अलार्म कसा लावायचा?

नांदेड/लातूर : पहाटे पाचच्या सुमारास लोहा-अहमदपूर रस्त्यानं जा, नाहीतर मुखेड, देगलूर, जळकोट, देवणीकडच्या कुठल्याही गावरस्त्यानं, अंधारात पळणारी पोरं-पोरी दिसतातच. कुणाच्या हातात मोबाइल असतो, कुणाच्या मनगटावर दोन-चारशे रुपयांचं डिजिटल घड्याळ. त्या घड्याळाचं काम मात्र एवढंच, की निघताना सुरू करायचं आणि पोहोचल्यावर बंद करायचं. ‘आज सहा-वीस लागले.’ उद्याही सहा-वीस. महिनाभर मरमर करूनही आकडा जागचा हलत नाही, आणि मग पोरगं म्हणतं, आपल्यात दमच नाही.

यात दमापेक्षा सरावाच्या पद्धतीचा दोष जास्त असतो. रोज सगळं अंतर एकाच चालीनं पळालं की शरीराला त्या चालीची सवय लागते. वेग वाढवायचा तर अंतराचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा हव्या त्या वेगानं पळायचा आणि मध्ये मोजून थांबायचं. यालाच इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक मुलांना त्यातलं पळणं माहीत असतं. ‘मोजून थांबणं’ कुणी करत नाही, आणि अलार्म लागतो तो त्याचसाठी.

आधी गुणांचं गणित बघू. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना १६०० मीटरचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ गुण असतात. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर धावावं लागतं. मैदानात निम्मे गुण पडले नाहीत, तर लेखी परीक्षेचा विषयच संपतो. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढलं तर पूर्ण २० गुण मिळतात. साडेपाच मिनिटांपर्यंत १८ आणि ५ मिनिटं ५० सेकंदांपर्यंत १६. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत काढलं तर २०, आणि तीन मिनिटांपर्यंत १८.

एका सेकंदाची किंमत

१६०० मीटर म्हणजे शंभर मीटरचे सोळा तुकडे. घड्याळात किंवा मोबाइलमध्ये दर १९ सेकंदांनी वाजणारा बझर लावला आणि प्रत्येक बझरला शंभर मीटरची खूण गाठली, तर एकूण वेळ येतो ३०४ सेकंद, म्हणजे ५ मिनिटं ४ सेकंद. गुण २०. तोच बझर २० सेकंदांवर लावला तर वेळ होतो ५ मिनिटं २० सेकंद, आणि गुण १८. मुलींचंही तसंच आहे. आठ तुकडे २१ सेकंदांनी पळाले तर २ मिनिटं ४८ सेकंद होतात, २२ सेकंदांनी पळाले तर २ मिनिटं ५६ सेकंद. बझरचा एक आकडा चुकला की दोन गुण गेले. कट-ऑफला अर्ध्या गुणानं घरी बसलेला एक तरी पोरगा प्रत्येक गावात सापडेल.

म्हणून उद्यापासून सरळ १९ लावायचे का? नाही. आज ज्याला सहा-वीस लागतात तो दर शंभर मीटरला जवळपास २४ सेकंद घेतो. त्यानं आधी २२ चा बझर लावावा आणि फक्त दोनशे मीटरपुरता. म्हणजे ४४ सेकंदांत दोनशे मीटर, मग दीड मिनिट विश्रांती. असं सहा वेळा. ते सहाही तुकडे सारख्या वेळात निघायला लागले की आकडा २१ वर आणावा. पुढं तुकडा ४०० मीटरचा करावा आणि विश्रांती दोन-अडीच मिनिटांची ठेवावी. घाई करणाऱ्याचा पहिला तुकडा ३५ सेकंदांत जातो आणि सहावा पन्नासात. त्याला सराव म्हणता येत नाही.

थांबण्याचा बझर

ही पद्धत शास्त्रानं मांडली ती १९३० च्या दशकात, जर्मनीत. वोल्डेमार गेर्शलर नावाचे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे हृदयाचे डॉक्टर, अशी ती जोडी होती. त्यांचा नियम साधा होता. पळताना नाडी मिनिटाला १८० च्या आसपास जाऊ द्यायची, आणि ती दीड मिनिटाच्या आत १२० वर उतरली पाहिजे. उतरली नाही, तर वेग तरी जास्त झालाय किंवा त्या दिवसाचं काम संपलंय. हृदय कमावलं जातं ते या उतरण्याच्या वेळात, असं त्यांचं म्हणणं होतं. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग यानं १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला, तो १९५५ पर्यंत टिकला.

हा नियम पाळायला महागडं घड्याळ लागत नाही. थांबल्यावर मानेच्या बाजूला बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजायचे आणि चारनं गुणायचं. दीड मिनिटाचा बझर वाजताना १५ सेकंदांत तीसच्या आसपास ठोके असतील तर पुढचा तुकडा पळावा. चाळीस असतील तर अजून थांबावं. पुढच्या तुकड्यानंतरही तसंच झालं तर बूट काढावेत. चक्कर, छातीत दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी असं काहीही झालं तर सराव तिथंच थांबवून दवाखाना गाठावा. त्यात मर्दुमकी दाखवू नये.

श्वास रोखून समुद्रात खोल जाणाऱ्या पाणबुड्यांच्या घड्याळातही हीच अक्कल असते. त्यात खोलीचा अलार्म असतो, तसाच पाण्यावर आल्यानंतरच्या विश्रांतीचाही असतो. जितका वेळ खाली, त्याच्या निदान दुप्पट वेळ वर, असा ढोबळ हिशेब ते पाळतात, आणि सोबत दुसरा माणूस नजर ठेवून असतो. हे इथं सांगायचं कारण असं, की ‘दम वाढवायचा’ म्हणून विहिरीत, नाहीतर गोदावरीच्या डोहात श्वास रोखून बुडी मारायची हौस काही पोरांना असते. आधी जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारली की शरीराचा ‘आता श्वास घे’ हा इशारा उशिरा येतो, आणि इशारा यायच्या आतच शुद्ध जाऊ शकते. तो माणूस ओरडत नाही की हात मारत नाही. १६०० मीटरसाठी याची काही गरज नाही. एकट्यानं तर हे कधीच करू नये.

घड्याळ की मोबाइल?

बाजारात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या साध्या डिजिटल घड्याळात, उदाहरणार्थ कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यूमध्ये, रोजचा गजर आणि स्टॉपवॉच असतं. उलटी मोजणी करणारा टायमर नसतो. त्यामुळं इंटरव्हलचा बझर त्यावर लागत नाही. घेताना ‘काउंटडाउन टायमर’ आहे का आणि तो आपोआप पुन्हा सुरू होतो का, या दोन गोष्टी दुकानदाराला विचाराव्यात. स्पोर्ट्स वॉच असेल तर त्यात पळण्याचा आणि विश्रांतीचा वेळ वेगवेगळा भरता येतो. मोबाइलवर फुकटची इंटरव्हल टायमर अॅप मिळतात. त्यात तयारी १० सेकंद, काम ४४, विश्रांती ९०, फेऱ्या ६ असे चार आकडे भरले की झालं. मात्र बॅटरी सेव्हर चालू असेल तर स्क्रीन बंद झाल्यावर अॅप मध्येच झोपू शकतं, म्हणून त्या अॅपपुरता तो बंद ठेवावा. रस्त्यावर पळणाऱ्यांनी कानात इअरफोन घालू नयेत. ऊस नेणारा ट्रॅक्टर किंवा मागून येणारी जीप ऐकू आलीच पाहिजे. बझरऐवजी व्हायब्रेशन लावून मोबाइल मुठीत धरला तरी चालतं.

अंतर चुकलं तर अलार्मचा काही उपयोग नाही. गाडीच्या मीटरवर मोजलेला ‘दीड किलोमीटर’ आणि मोबाइलच्या नकाशावरचं अंतर, दोन्हींत फरक पडतो. गावात याहून पक्कं माप आहे. गुंठ्याची बाजू ३३ फुटांची. न ताणणारी ३३ फूट दोरी घेऊन सलग दहा वेळा टाकली की १०० मीटर आणि वर जेमतेम अर्धा मीटर. चाळीस वेळा टाकली तर ४०२ मीटर. प्रत्येक शंभराला चुन्याची खूण करावी. पावसाळ्यात काळ्या रानात पाय रुततो, तेव्हा शाळेचं मैदान किंवा मुरमाचा रस्ता बरा. नुसत्या डांबरावर रोज आपटून नळीचं हाड दुखायला लागतं, आणि ते दुखणं दोन महिने जात नाही. म्हणूनच इंटरव्हल आठवड्यातून दोनदाच करावं, तेही लागोपाठच्या दिवशी नको. मधल्या दिवशी सावकाश, गप्पा मारत पळावं.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर धावपटू झाला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य ८ मिनिटं ११.२० सेकंदांत मिळवलं. म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत दर शंभर मीटरला सरासरी साडेसोळा सेकंदांच्या आत, तेही तीस वेळा.

भरतीच्या मैदानावर स्वतःचं घड्याळ हाताशी असेलच असं नाही. त्यामुळं शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत बझर बंद करून पळावं. खुणेवर उभ्या असलेल्या मित्रानं वेळ लिहावी आणि पळणाऱ्यानं आधी स्वतःचा अंदाज सांगावा. पहिल्या शंभर मीटरचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो. शिट्टी वाजते, गर्दी सुटते, आणि एकोणीसच्या जागी पंधरा सेकंद लागतात. ते चार सेकंद तिसऱ्या फेरीत दुपटीनं परत जातात.