वर्डची नवी फाइल उघडताच अक्षरं बिघडलेली? नॉर्मल टेम्प्लेट बदला

परवा वरोऱ्यातल्या एका टायपिंग सेंटरवर गेलो. तिथले दादा वैतागले होते. वर्डमध्ये नवी फाइल उघडून इंग्रजी नाव टाइप केलं की देवनागरीची गिचमिड उमटायची. वर्ड पुन्हा इन्स्टॉल करूनही तेच!

कारण साधं आहे. प्रत्येक कोरी फाइल 'नॉर्मल.डॉटएम' नावाच्या टेम्प्लेटवरून तयार होते. कुणीतरी त्यात कृतिदेव कायमचा फॉन्ट करून ठेवला होता. कृतिदेव हा युनिकोडपूर्व फॉन्ट. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेत. आणि हे टेम्प्लेट विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये असतं, म्हणून वर्ड काढून टाकलं तरी ते बहुधा तसंच राहतं.

उपाय असा. वर्ड आणि आउटलुक पूर्ण बंद करा. विंडोज आणि 'आर' एकत्र दाबा. इंग्रजीत 'अ‍ॅपडेटा' लिहा, मागेपुढे टक्क्याचं चिन्ह द्या, एंटर करा. उघडलेल्या फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट, मग टेम्प्लेट्स उघडा. तिथल्या नॉर्मल फाइलचं फक्त नाव बदला.

डिलीट करू नका! तुमचे मॅक्रो, स्वतः केलेल्या स्टाइल्स त्यातच असतात.

वर्ड उघडलं की नवं टेम्प्लेट आपोआप तयार होतं. मग कंट्रोल-डी दाबून 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'मध्ये मंगल किंवा निर्मला फॉन्ट निवडा आणि 'सेट अ‍ॅज डीफॉल्ट' करताना 'ऑल डॉक्युमेंट्स' घ्या. हा रकाना दिसत नसेल, तर आधी ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडा.

जुन्या फाइल्सना धक्का लागत नाही, त्यांची मांडणी त्यांच्यातच साठवलेली असते.

कुठं अडलात तर कमेंटमध्ये वर्डची आवृत्ती लिहून विचारा, नक्की सांगतो.