भयाचें अपत्य

अणुबाँब हें विज्ञानाचें अपत्य होय, असें आपण सर्वजण म्हणतों. परंतु त्याची जन्मकथा पाहिली म्हणजे विज्ञान ही केवळ दाई होती, खरी जननी भीति होती, असें म्हणावें लागतें.

१९३८ च्या अखेरीस बर्लिन येथें युरेनियमचा अणु फुटतो असें आढळून आलें. हें ज्ञान शस्त्ररूपानें हिटलरच्या हातीं पडेल, या धास्तीनें लिओ झिलार्ड यांनीं पुढाकार घेतला आणि आइन्स्टाइन यांच्या सहीचें, २ ऑगस्ट १९३९ चें पत्र अध्यक्ष रूझवेल्ट यांजकडे गेलें. पुढें अमेरिकेंत जें प्रचंड कार्य उभें राहिलें, त्यांत जोसेफ रॉटब्लाट हे पोलिश शास्त्रज्ञही होते. त्यांची पत्नी पोलंडांत अडकून पडली होती. युद्धकाळांत नाझींच्या अंमलाखालीं तिचा अंत झाला. जर्मनीचें भय वाटण्यास त्यांच्याइतकें कारण कोणास असणार? तथापि जर्मनीनें बाँबचा नाद सोडल्याचें कळतांच १९४४ च्या अखेरीस रॉटब्लाट लॉस आलामोस सोडून निघाले. ज्याच्या भीतीनें शस्त्र घडवावयाचें तोच शर्यतींत नाहीं, मग तें कशासाठीं? त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र हा प्रश्न थांबवूं शकला नाहीं. जर्मनी मे १९४५ मध्यें शरण आला. बाँब ऑगस्टमध्यें हिरोशिमा व नागासाकी या जपानी शहरांवर पडले.

पुढील प्रसार म्हणजे भीतीचीच वंशावळ. १९४९ सालीं रशिया, १९५२ सालीं ब्रिटन, १९६० सालीं फ्रान्स, १९६४ सालीं चीन. १९७४ सालीं पोखरण येथें आपण, १९९८ सालीं पाकिस्तान, २००६ सालीं उत्तर कोरिया. शेजारच्या वाड्याची भिंत वीतभर चढली कीं आपली हातभर चढवावी, असा हा व्यवहार! आज नऊ राष्ट्रांपाशीं मिळून बारा हजारांहून अधिक अण्वस्त्रें आहेत.

या वंशावळींत एक अपवाद आहे. दक्षिण आफ्रिकेनें सहा बाँब घडविले आणि स्वतःच मोडून टाकिले. अंगोलांतील युद्ध निवळलें होतें, क्यूबाचें सैन्य परतूं लागलें होतें. अध्यक्ष डी क्लार्क यांनीं २४ मार्च १९९३ रोजीं ही हकीकत प्रकट केली. कृष्णवर्णीय बहुसंख्यांच्या हातीं सत्ता जाण्यापूर्वीं बाँब नाहींसे करण्याची ती घाई होती, असाही आक्षेप घेतला जातो. हेतु कांहींही असो, बाँब मोडतां येतो हें सिद्ध झालें.

जें ज्ञान एकदां झालें तें विसरतां येत नाहीं. परंतु भीति ओसरली म्हणून तिचें अपत्य आपोआप मरत नाहीं, हें त्याहून गंभीर आहे. तेव्हां कोणी तरी उठून आपला हात आवरावा लागतो. रॉटब्लाट यांनीं तो आवरला, इतरांनीं नाहीं.